नाव

व्हेनिसच्या दक्षिणेला, खाडीतल्या आमच्या गावात,
नगरपालिकेच्या तळमजल्यावर
एकतीस वर्षं मी जन्म लिहितोय.
मृत्यू पलीकडच्या टेबलावर, फेरुच्चोकडे.
लग्नं वरच्या मजल्यावर; तिथून कालवा दिसतो.

चार वर्षांपूर्वी, मार्चात, त्या दोघी आल्या.
लोरेदाना ओली बाळंतीण, खुर्चीच्या कडेला टेकलेली,
आणि नीवेस, नखांत निळा रंग अडकलेला:
बंदरात ती होड्यांवर नावं रंगवते.
मी विचारलं, आईचं नाव?
दोघी एकदमच बोलल्या.
मग हसल्या. मीही हसलो.
महापौरांचं परवानगीचं पत्र समोरच होतं.
दोन्ही नावं लिहिली, शाई टिपली.
पोरीचं नाव झोए.

दोघींनी नाव ठेवलं,
गावाने नावं ठेवली.
मासळीबाजारात अर्माndो म्हणायचा,
"बाया चांगल्या आहेत हो, पण..."
आमच्याकडचं हे 'पण' भरतीच्या पाण्यासारखं,
उंबरा कितीही उंच करा, आत येतंच.
माझी बायको म्हणाली, "बापाशिवाय लेकरू म्हणजे,"
आणि वाक्य तिथेच ठेवून कांदा चिरत राहिली.
चर्चबाहेर एका रविवारी सह्या गोळा करत होते.
मीही केली.
कागद नीट वाचला नव्हता, असं सांगतो लोकांना.
वाचला होता.

यंदा वरून हुकूम आला:
दुसऱ्या नावाला कायद्यात जागा नाही, रेघ मारा.
रेघ मारायचा नियम असा,
की खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे.
लाल शाई, पट्टी, बाजूला तारीख आणि सही.
इतकी वर्षं स्पेलिंगवर मारल्या, चुकलेल्या तारखांवर मारल्या,
एकही वाकडी गेली नाही.
ही गेली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी पोरगी पुलावरून पडली, हात मोडला.
लोरेदाना पलीकडच्या बेटावर, बोट सुटायला तासभर.
दवाखान्यात नीवेसला विचारलं, "तुम्ही कोण?"
ती काही बोलेना. दाराबाहेरच्या बाकावर बसली,
आतून रडणं ऐकू येत होतं.
तेव्हा म्हणे अर्मान्दोच ओरडला, खवल्यांनी चमकणारे हात नाचवत,
"आई आहे ती पोरीची! डोळे फुटलेत का?"
दुसऱ्या दिवशी बाजारात
कोळंबी तोलताना त्याचं 'पण' पुन्हा जागेवर.

काल मी बंदरावर गेलो.
माझ्या जुन्या होडीवरची अक्षरं पोपडे धरून गळालीत,
आमच्याकडे बिननावाची नाव कुणी पाण्यात घालत नाही.
नीवेसने विचारलं, "काय नाव?"
अगदी माझ्याच आवाजात, टेबलापलीकडून विचारावं तसं.
सांगितलं.
ती उकिडवी बसली, ब्रश निथळवला.
पट्टी देऊ का, म्हणालो. नको म्हणाली.
रेघेवर बसवल्यासारखं एकेक अक्षर उमटत गेलं,
मागे झोए, प्लास्टरवर मासा काढत बसलेली.

पैसे मोजून घेतले, रुपया नाही की नमस्कार नाही,
मोजून, जेवढे झाले तेवढेच.
पावती फाडली. खाली सही केली,
पूर्ण नाव, आडनावासकट,
आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली,
"हे तरी चालेल ना?"