भिंतीतली पाती

टोलीडोला, फेब्रुवारीत,
बँकेनं जप्त केलेलं घर मी लिलावात घेतलं
आत पाऊल न टाकता. टाकू देत नाहीत.
खिडकीवर ठोकलेल्या फळीच्या फटीतून टॉर्च मारला,
दिसला जिन्याचा कठडा, अक्रोडाचा, धडधाकट.
त्या कठड्यावर मी भाळले.
माणसं लग्नंही अशीच करतात.

किल्ली फिरली आणि वास अंगावर आला:
मांजरं, ओलं प्लास्टर, कधीतरी बंद पडलेला फ्रीज.
तळघरात पोटरीपर्यंत बर्फ.
तांब्याचे पाइप कुणीतरी कापून नेले होते,
नीट, करवतीनं, कामसू माणसासारखे,
पाणी तेवढं चालू ठेवलेलं.
ते आलं, साचलं, आणि आमची वाट बघत गोठलं.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी म्हणते, घर पाहावं फोडून.
एक फरशी उचकटली की खाली दुसरी,
तिच्याखाली तिसरी, ॲस्बेस्टॉसची,
तिला हात लावायला वेगळा माणूस, वेगळा परवाना,
नगरपालिकेत थेल्मा बॉइडच्या टेबलावर एकोणीस दिवस.
कर्ज बारा टक्क्यांचं.
रोजचे तीस डॉलर,
मी झोपले तरी, बर्फ पडला तरी,
थेल्मा मुलीच्या बाळंतपणाला गेली तरी.
व्याजाला रविवार नसतो.

मार्चमध्ये न्हाणीघराची भिंत फोडली.
ऑर्व्हिल कझ्मारेकनं पहार घातली
आणि खळ्ळकन काहीतरी सांडलं,
आधी वाटलं काच.
दाढीची पाती. गंजलेली, शेकड्यांनी.
आरशाच्या कपाटात मागे एक बारीक चीर असायची पूर्वी,
वापरलेलं पातं तिथून भिंतीत सोडायचं.
भिंत पोटात घालायची.
आठवड्याला एक धरलं, तर ऑर्व्हिल म्हणाला,
चाळीस वर्षं झाली की गं.
कॉफीचे दोन डबे भरले.
बाकीची खालच्या खाचेत होती, हात पोचेना.
"राहू देत," तो म्हणाला,
"मी तासाला पासष्ट घेतो."
मी वरून नवा जिप्समचा तक्ता ठोकला.

समोरची बर्नडीन रोज ओसरीवरून बघायची.
एकदा रस्ता ओलांडून आली.
तो काचेच्या कारखान्यात, पहिल्या पाळीला,
पहाटे साडेचारला तेवढी एक खिडकी उजळायची.
मुलीनं घर गहाण टाकलं ते नवऱ्याच्या डायलिसिसपायी.
नवराही गेला. घरही.
मला वाटलं आता ही मला काहीतरी बोलणार.
तिनं विचारलं, "रंग कोणता देतेयस?"
राखाडी, म्हटलं.
"सगळे राखाडीच देतात," म्हणाली, आणि गेली.
खरं आहे. राखाडीला कुणी नाही म्हणत नाही,
कुणी हो म्हणूनही आठवत नाही.

छप्पर मी हिशेबात धरलं होतं.
छपराखालचं कुजकं लाकूड धरलं नव्हतं.
गटाराच्या नळीत मेपलची मुळं, तेही नाही.
मनात तीस हजार मांडले होते.
जूनमध्ये घर विकलं, दलाली गेली, व्याज गेलं,
हातात राहिले एकतीसशे.
तासांवर भागले तर
ऑर्व्हिलच्या पोराला पिझ्झाच्या दुकानात जास्त मिळतात.
तरी तो कठडा, सँडपेपर मारून, तेल पाजून,
असा चमकत होता की
बघायला आलेली प्रत्येक बाई त्यावरून हात फिरवायची.

घेतलं एका नर्सनं. रात्रपाळीची, एकटी.
ऑगस्टमध्ये तिचा फोन आला.
सगळं छान आहे, फक्त
न्हाणीघराचं दार आपटलं की भिंतीत
काहीतरी बारीक किणकिणतं.
उंदीर असतील का?

नाही, म्हटलं. उंदीर नाहीत.
पुढचं ओठांवर आलं होतं.
तिची ड्यूटीला जायची वेळ झाली होती, बस यायची होती.
दार जरा हळू लावत जा, म्हटलं.