हो

डोळे मिटा, वाल्देनोर,
आणि जिथं लागेल तिथं नुसतं हो म्हणा.

सहा तंतू आहेत माझ्या डबीत, नायलॉनचे,
तुमच्या गळाच्या दोरीचेच भाऊबंद,
फक्त तोलूनमापून कापलेले.
हिरवा टेकतो तो माशी बसल्याइतका.
मग निळा, जांभळा, लाल, केशरी,
आणि शेवटी गुलाबी, तो मात्र सरळ टोचतो.
वाकेपर्यंत दाबायचा, उचलायचा,
जो रंग कळला तो कागदावरच्या हातात भरायचा.
काहीच कळलं नाही
तर काळा.

नऊ तास होडीत बसून आले मी,
तापाजोसचं पाणी डबीत जाऊ नये म्हणून ती पोटाशी धरून.
याला कुठली गोळी चालू आहे, मला माहीत नाही.
सांतारेंच्या दवाखान्यात एका बंद पाकिटात लिहिलंय,
औषध, की औषधासारखं दिसणारं काहीतरी.
त्यालाही माहीत नाही.
अशा अभ्यासाला दुहेरी आंधळा म्हणतात, मी सांगितलं होतं.
तो हसला: दोन आंधळे एका होडीत,
मग वल्हं कुणाच्या हातात?

आर्माडिलो खाल्लाय का कधी? (प्रश्न अकरावा.)
छे, म्हणाला.
चुलीच्या वर त्याचंच कवच टांगलेलं, आत मिरच्या.
मी लिहिलं: नाही.

कोपराच्या आतल्या अंगाला चाचपलं.
नस तिथं बोटाखालून निसटायला हवी, गवताच्या काडीसारखी.
ही ओल्या सुंभासारखी जाड.
सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात ना,
तो पीळ उतरलाय बोटांत:
करंगळी आणि तिची शेजारीण
आत वळून बसल्यात, रुसल्यासारख्या.

आळशी जंतू हा. एकाचे दोन व्हायला पंधरवडा घेतो.
त्याला गारवा लागतो, कानाची पाळी, नाकाचा शेंडा.
आणि राहायला आला कुणाकडे,
तर जन्मभर भट्टीपुढं उभं राहून
कसावाचं पीठ भाजणाऱ्या माणसाकडे.
हातावर भाजल्याचे तीन डाग.
तिसरा त्याला वासावरून कळला.

हिरवा. गप्प.
निळा. गप्प.
जांभळा. हो.
करंगळीच्या बुडाशी, हो.
तळव्याच्या कडेला, हो.
मागच्या खेपेला इथं सगळं काळं होतं.
माझा हात जांभळी पेन्सिल शोधायला लागला, खोटं कशाला बोलू,
आनंदानं.

मग ऐकू आलं.
मी वाकले की पायाखालची फळी कुरकुरते.
फळी कुरकुरली की तो हो म्हणतो.

पुन्हा वाकले.
तंतू हवेतच धरला, कातडीपासून बोटभर लांब.

हो, तो म्हणाला.

डोळे घट्ट मिटलेले,
भुवया असत्या तर त्याही आक्रसल्या असत्या.

का, वाल्देनोर?

एवढ्या लांबून येतेस, म्हणाला,
रिकाम्या हातानं कशी पाठवू?

फळीवरून उतरून मातीत बसले.
श्वास रोखून पहिल्यापासून सुरू केलं.
काळा, काळा, काळा.
माझ्या पेन्सिलींत हीच सगळ्यांत तोकडी.
अंगठ्याच्या बुडाशी मात्र एकदा हो आलं, उशिरा,
जणू कुणीतरी आतल्या खोलीतून ओ दिली.
तीनदा तपासलं. जांभळा.
मागं तिथं केशरी होता.
गोळीनं, की असंच,
ते पाकिटाला ठाऊक.

त्यानं कागद बघितला.
एक बोट तरी रंगवायचंस, म्हणाला,
नातीला दाखवलं असतं.

निघताना पीठ दिलं, कढईतून थेट पिशवीत.
मी ती या हातातून त्या हातात नाचवत राहिले,
फुंकरा घालत, हसत.
तोवर माझ्यासाठी दुसरी भरून
तो धरून उभा होता,
डाव्या हातात, निवांत,
नदीकडं बघत.

फॉर्मवर याला रकाना नव्हता.
मी डबी खाली टाकली
आणि आधी ती पिशवी घेतली.