कोरडी

बाटली हिरवी, उंच मानेची.
लेबलावर डोंगर, धुकं, एक बारकी नदी,
अमेरिकेतल्या कुठल्याशा थंड खोऱ्यातला मळा.
केतेवान बाईंनी कागद वाटले:
सुगंधी. पांढरी. कोरडी.

मस्कतला, शाती अल कुर्मच्या हॉटेलात,
मागच्या दालनात आम्ही अकरा वेटर, दुपारचे तीन,
पडद्यापलीकडे समुद्र तापून पांढरा पडलेला.

ओली वस्तू कोरडी कशी, मी विचारलं.
सगळे हसले. पाटोळे तेवढा हसला नाही.
तो घाटावरचा. म्हणाला, आमच्याकडं
कालवणालाच कोरड्यास म्हणतात,
भाकरी बुडवून खातात,
कुणी काही विचारत नाही.

बाई म्हणाल्या, साखर उरली नाही की कोरडी.
द्राक्षात होती तेवढी सगळी
आंबता आंबता संपून गेली.
नाकाला हे कुणी सांगत नाही,
ते गोडाची वाट बघत बसतं.

मग एकेकाने ग्लास फिरवून बोलायचं.
मारिसेल म्हणाली, लिची.
किप्रोनो म्हणाला, आल्याची साल.
पाटोळे म्हणाला, गुलकंद, आणि आपणच लाजला.
बाईंच्या वासांच्या तक्त्यावर
हे सगळं रंगीत छापलेलं होतं.

माझी पाळी आली. मी वास घेतला
आणि आसोलीच्या घाटीत, काळोखात,
कुणीतरी माझ्या अगदी पुढून चालत गेलं.
म्हणालो, सुरंगी.

तक्त्यावर सुरंगी नव्हती.
फळ की फूल?
फूल, बाई. फांदीच्या अंगालाच फुटतं,
देठ काढायला सवड नसल्यासारखं.
उजाडायच्या आत कळी खुडायची,
नंतर झाड मधमाश्यांचं.
इंग्रजीत काय म्हणतात? मला नाही येत.
त्यांनी ते फळ्यावर त्यांच्या जॉर्जियन लिपीत लिहिलं,
गोल गोल अक्षरं,
एका फांदीला चिकटून बसलेली.

मग घोट. मग बादलीत थुंकायचं.
लिंबाची शीर, नदीतला गोटा,
हिरड्यांशी बारीकसं कडू.
कबूल केलं होतं नाकाने,
निस्तरायचं जिभेने.

माझी ड्युटी दोनला सुटते. तेव्हा वैजूचे साडेतीन.
ती शिडी घेऊन निघते, फोन ओच्यात,
आणि बोलणं होतं ते एवढंच:
पैसे पोचले. पंप दुरुस्त केला.
झिलाला चष्मा लागला.
अकरा वर्षांत गोड म्हणून जे होतं
ते खर्ची पडलं.
मी आपलं धरून चाललो होतो, की आटलं.

त्या रात्री मी भाव विचारला. सुरंगीचा.
ती थांबली. शिडी कशाला तरी टेकल्याचा आवाज.
"वळेसराचो विचारतस काय सुकीचो?"
सुकी कोण घेतं?
"अत्तरवालो. किलोवर."
पण सुकल्यावर वास जात असेल.
"खुळो रे तू," ती म्हणाली,
"सुकली काय वास आणखी चढता."
आणि हसली असावी. तिथे रेंज नीट नाही.

दुसऱ्या दिवशी खल्फान कोठीला कुलूप लावायला आला.
रमजान लागणार, महिनाभर बार बंद.
कोठीची किल्ली नऊ वर्षं त्याच्याकडे,
बूच उघडलेलं त्याने कधी पाहिलं नाही.
खोके उचलता उचलता म्हणाला,
काल एवढा वेळ काय हुंगत होता सगळे?

मी त्याला झाड सांगितलं. माश्या सांगितल्या.
शिडी सांगितली, काळोख सांगितला.
कोण खुडतं ते नाही सांगितलं.

तो ऐकत राहिला.
मग म्हणाला, जबल अखदरवर माझी आई
गुलाब असाच काढायची,
उन्हाला पत्ता लागायच्या आत.
हातांना दिवसभर वास.
आम्ही पोरं भांडायचो,
आज तिच्या हातचं कोण जेवणार.

पुढे काही बोलला नाही. कुलूप ओढून पाहिलं,
दोनदा. रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं:
पांढरी, कोरडी. आली चोवीस.
उरली तेवीस.
सही कर.