माल्दोनादो ते मुन्योस

सामुद्रधुनी ओलांडून पहिल्या बोटीने
डोन्या एदेल्मिरा आली,
कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तसा.
"रात्रभर टकटक करतोय," म्हणाली,
"मी दोनदा दार उघडलं. बाहेर नुसता वारा."

मी कान लावला.
टक्. टक्. मग खरवडल्यासारखं काहीतरी,
आणि पायरी चुकलेल्या माणसासारखं
पुन्हा जिन्याच्या तळापासून.

तिने आधीच चाचपून पाहिलं होतं:
सिस्टिम पूर्ववत करा. तारीख निवडा.
निवडली नऊ मे,
कारण नऊ मेला सगळं ठीक होतं,
गॅससुद्धा स्वस्त होता.
म्हटलं, डोन्या, मागे जाते ती फक्त घरातली मांडणी.
पाया खचल्यावर
सारवून काय होणार?
आणि आता चालू करू नका. अजिबात.

तीन रात्री नक्कल उतरवत बसलो.
अडलं तिथे हटून बसायचं नाही.
सोडायचं, पुढे जायचं,
मिळेल ते उचलायचं,
आणि अगदी शेवटी, उलट्या बाजूने,
मांजराच्या पावलांनी
त्या अडलेल्या जागेपाशी यायचं.

वर आली तिच्या दुकानाची चौदा वर्षांची उधारी.
आल्वारादो: पीठ, मेणबत्त्या.
बार्रिया: सिलिंडर दोन, एक परत.
थेट लोन्कोनपर्यंत सुरळीत.
मग माल्दोनादो ते मुन्योस
शून्यं, नुसती शून्यं,
आणि ओहेदापासून पुन्हा माणसं.

माझं आडनाव मान्सिया.
गेल्या जूनमधलं सरपण,
दीड पोतं बटाटे,
आईसाठी नेलेला चहाचा डबा.
त्या रात्री मी आणखी एकदा उलटा गेलो का?
गेलो. पण मांजराच्या पावलांनी नाही.

शनिवारी ती आली.
नव्या डिस्कवरच्या यादीत बोट खाली खाली सरकलं,
थांबलं.
"अख्खी म ची गल्ली कर्जमुक्त!"
आणि हसली,
इतकी, की चष्मा काढून पुसावा लागला.

मी बिल लिहिलं: डिस्कचे तेवढे. मजुरी नाही.
तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं,
कागद पालथा घातला
आणि माझंच पेन घेऊन
मागच्या बाजूला लिहू लागली, तोंडपाठ.
माल्दोनादो, एवढे.
दुसऱ्या नावापाशी पेन थबकलं.
"बटाटे दीड पोतं होते, की दोन?"

जुनी डिस्क टेबलावर पडलेली,
वायरीशिवाय, गप्प.

"दोन," मी म्हटलं.