नमुन्यापुरते

सेलूहून पहिल्या गाडीनं आला उद्धव गिराम,
कबड्डीचा कोच, उजवा गुडघा गेलेला.
पोराच्या शाळेच्या थर्मासात, बर्फात,
दहा इवल्या बाटल्या.
निळी टोपणं. तळाशी चिमूटभर पांढरं.
लेबलावर ना कंपनी ना पत्ता,
'केवळ संशोधनासाठी' एवढंच.
"पेप्टाईड हाय म्हणं, मॅडम. बघा की, खरं हाय का."

चिकलठाण्यातली आमची लॅब साधीच.
बोअरचं पाणी, वसमतची हळद,
कधी एखाद्या कारखान्याचं सांडपाणी.
मशीन मात्र चांगलं आहे. खोटं बोलत नाही.
विचारलं तेवढंच बोलतं.

एक बाटली फोडली.
ती गेलीच. तपासलेली टोचता येत नाही.
तो पंख्याखाली बसला, पाय लांब करून.
पडद्यावर उगवलं एक उंच शिखर,
शेजारी दोन टेकाडं.

शुद्धता सत्त्याण्णव टक्के.
लेबलावर पाच मिलिग्रॅम, आत साडेतीन.
"म्हंजे खरं हाय," तो हसला.
ही खरी होती, मी म्हणाले.
हिच्यात जंतू होते का, ते या मशीनला दिसत नाही.
मेलेल्या जंतूंचं मागं राहिलेलं विष, तेही नाही.
त्याला वेगळी तपासणी, वेगळी फी, आणखी बाटल्या.
आणि तुमच्या गुडघ्याचं तर
कुठल्याच मशीनला विचारू नका.

"शितावरून भाताची परीक्षा करत्यातच की."
करतात.
पण भाताला पातेलं एक, आधण एक, जाळ एक.
या नऊजणी कुठल्या कुठल्या चुलीवरच्या,
कुणाला ठाऊक?

माझे वडील परभणीच्या मोंढ्यात मापाडी.
पोत्यात परखी खुपसायची ती वर, मध्ये, तळाशी.
वरचं धान दाखवायला असतं, पोरी, म्हणायचे.
तरी फसायचे अधूनमधून.
फसले म्हणून परखी घरी ठेवून
कधी मोंढ्यात गेले नाहीत.

त्यानं न बघता थर्मासात हात घातला.
तळातली काढली. "मग हीबी बघा."

या खेपेला शिखर नाही.
सरळ रेघ, उन्हातल्या जालना रोडसारखी.
पांढरं होतं ते नुसतं भरताड, साखरेच्या जातीचं.

बराच वेळ तो बोलला नाही.
मग रिपोर्टाच्या तळाची बारीक ओळ,
जी कुणीच वाचत नाही,
ती बोट ठेवून दोनदा वाचली:
'निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरते.'

"समद्याच तपासल्या तर?"
तर खात्री पुरी होईल.
टोचायला एकही उरणार नाही.

पैसे मोजले त्यानं, पावती मागितली.
एक टोचली नाही त्याची पावती, म्हणाला,
आणि स्वतःच ओशाळला.

बर्फाचं पाणी झालं होतं.
निघताना दारात थांबून
त्यानं थर्मास कानाशी धरून हलवला.
आठ बाटल्या वाजल्या.
आठही सारख्याच.