मंगळवारची भवानी

ऑलर्सविकला नदी आहे, नावापुरती;
बदकं तिच्यातून चालत पलीकडे जातात.
एके काळी इथून होड्या भरभरून लोकर जायची.
मग गाळ साचला,
आणि लोकरीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या चर्चला
कळस चढवायचा राहूनच गेला.
वर सपाट आहे. कावळे बसतात.

रेल्वे येणार होती. आमच्याच पणजोबांनी अडवली:
धुरानं गाईंचं दूध नासेल म्हणाले.
रूळ पाच मैलांवरून दुसऱ्या गावाला गेले,
ते गाव मोठं झालं, आणि कुरूप,
असं आम्ही म्हणतो.
सिनेमाला तिथेच जातो, ते वेगळं.

मी इथली बाजारवही सांभाळतो. आर्थर थ्रेलफॉल.
गुडघे गेले, अक्षर अजून बरं आहे.
माझ्या आधी वडील. त्यांच्या आधी एक जण,
ज्याचे मंगळवार दुपारनंतर
ओळ सोडून उताराला लागायचे.

सनद कुण्या राजाची, शिक्का उंदरांनी खाल्लेला.
तिच्यात एक अट आहे. वकील हसतात, आम्ही नाही हसत:
दर मंगळवारी, बाराच्या घंटेआधी,
चौकातल्या दगडी छत्रीखाली
एकाची तरी भवानी व्हायला हवी.
एक मंगळवार चुकला, की बाजार राजाचा.
राजा चार कोबी आणि एका लोहाराचं काय करणार,
ते कुणी विचारलेलं नाही.

सत्तेचाळीसच्या बर्फात दारं उघडेनात,
मेंढ्या उभ्या जागी गोठल्या.
डॉर्कस पिम टेकडी उतरून आली,
विधवा, जिभेची तिखट,
स्वेटरच्या आत, पोटाशी, एक अंडं घेऊन.
चौकात चिटपाखरू नाही.
साडेअकरा. पावणेबारा.
मग आला तो ह्यूबर्ट स्क्रिव्हन,
ज्याच्याशी ती कुंपणावरून एकोणीस वर्षं बोलत नव्हती.
केवढ्याला?
तीन पेन्स.
दोन.
तुझ्या कुंपणाइतकाच कोता आहेस तू.
वर मनोऱ्यात माझे वडील दोर धरून,
खाली बघत, थांबलेले.
त्या दिवशी ऑलर्सविकचे बारा
चार मिनिटं उशिरा वाजले.

अंडी तेव्हा रेशनवर. अशी विक्री म्हणजे गुन्हा.
म्हणून वहीत वडिलांच्या अक्षरात आहे:
गोल वस्तू, नग एक. अडीच पेन्स. हवा वाईट.

आता गुरांच्या बाजारात मोटारी उभ्या राहतात,
बँकेत नखं रंगवून मिळतात.
डॉर्कस आणि ह्यूबर्ट
एकाच भिंतीला लागून पुरलेत, मधे कुंपण नाही;
बोलतात की नाही, माहीत नाही.

आणि परवाच्या त्या साथीच्या वसंतात,
सगळं बंद, चौकात सूर्य एकटाच,
लिथुएनियाची युर्गिता आली,
मासळीच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून,
राईचा एक काळा पाव घेऊन.
अट तिला कुणी सांगितली, कळलं नाही.
मी सहा फुटांवर. तिनं पाव
भट्टीच्या लांब फळीवर ठेवून पुढे केला.
दोन पौंड, म्हणाली.
दीड, मी म्हटलं.
घासाघीस नाही तर बाजार कसला?
ती हसली असावी, तोंडावर फडकं होतं.
पावणेदोन, म्हणाली.
मी तोंड उघडलं, आणि आठवलं,
घंटा आता विजेवर वाजते,
वर दोर धरून कुणी थांबलेलं नाही.

पटकन दोन दिले.
राई, नग एक. हवा उत्तम.