लेफ्ट-आउट

गोलकीपरला आपली माणसं मागूनच ओळखू येतात.
लहानू सोनकुसरेची पाठ मला पाठ होती :
डाव्या खांद्याशी उसवलेली जर्सी,
मानेवर घामोळं,
आणि खाली, गवताला न सांगता निघालेले
दोन अनवाणी पाय.

ते पाय मागाच्या खड्ड्यात तयार झालेले,
पचपावलीत, बापाशेजारी,
सातव्या वर्षापासून पावडी मारून मारून.
बॉल त्याच्याकडून निघायचा धोट्यासारखा,
या काठाकडून त्या काठाकडे,
मधले बॅक नुसते ताण्यातल्या दोऱ्यांसारखे उभे.

एकोणचाळीस साली कॉलेजनं बूट दिले, अकरा जोड.
त्यानं एकदा घातले, दहा पावलं चालला,
म्हणाला, "खालचं काही ऐकूच येत नाही बे,"
आणि माझ्या हातात दिले.
मी ते गोलपोस्टशी ठेवले, मॅचभर राखले.
बॉलपेक्षा बरे राखले.
त्या दिवशी आम्ही चार गोल खाल्ले.

मग सुताचा भाव चढला. मग सूतच मिळेना.
बेचाळीसच्या ऑगस्टात आमचा सेंटर-हाफ तुरुंगात गेला
आणि लहानू कामठीच्या छावणीत.
मैदानावर दोघांची नावं
वेगवेगळ्या आवाजात घेतली जायची.
मी काही बोललो नाही. माझं काम अडवण्याचं,
आणि तेही मला फारसं जमत नव्हतं.
स्टेशनवर गेलो होतो मात्र.
त्यानं वळून पाहिलं असेलही, गर्दी होती.
मला दिसली ती पाठ, खाकी,
आणि ऐकू आला बुटांचा आवाज, जो त्याचा नव्हता.

आराकानहून दोन कार्डं आली.
एकावर सेन्सॉरनं काळं फासलेलं,
उरली होती एवढीच ओळ :
"इथं गवत पुरुषभर. बॉल गेला तर सापडायचा नाही."
दुसऱ्यावर फक्त संत्र्यांची चौकशी,
मृग बहर कसा आहे, आंबिया कसा.

सेहेचाळीसच्या डिसेंबरात माजी विद्यार्थ्यांची मॅच.
मी कॉलेजकडून, कारण त्यांचा पोरगा तापानं पडलेला.
तो समोरून. बूट घालून.
पाचेक मिनिटं राहिली असतील,
ऑफसाइडची शिट्टी झाली, एकवीस जण थांबले.
त्याच्या कानांत आता शिट्टी शिरत नव्हती
हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

बॉल घेऊन धावणारा लहानू
मी पहिल्यांदाच समोरून बघत होतो.
कसा होता तो चेहरा, काय सांगू.
खेळणाऱ्याचा नव्हता, एवढं सांगतो.
मी हात पसरले, ते सवयीनं.
बॉल बगलेखालून मागच्या वाळक्या तरोट्यात.

आम्ही दोघंच गेलो शोधायला.
मी झुडपं तुडवत पुढे,
शेंगा खुळखुळत होत्या, आणि मागे काहीच वाजेना
म्हणून वळून पाहिलं.
तो एक पाय उचलायचा, थांबायचा,
बुटाचं टोक हलकेच टेकवायचा,
मग टाच.
जमिनीला काही विचारत होता
आणि तिचं उत्तर त्याला पटत नव्हतं.

बॉल समोरच पडला होता. मला दिसत होता. त्यालाही.
मी उचलला नाही.
वळसा घालून त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो,
जिथून तो मला ओळखू यायचा.